पेटीतल्या रिव्हॉल्व्हरची किंमत

बैल बाजारात उभा केला की गिऱ्हाईक आधी दात बघते, मग भाव बोलते. घरात जुने लष्करी रिव्हॉल्व्हर निघाले की मात्र आपण भाव आधी धरतो आणि वस्तू मागाहून बघतो.

करावे गाव आता नवी मुंबईत आले. तिथल्या जुन्या ओळखीच्या घरी मावशींनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर काढून माझ्यापुढे ठेवले. मिठागराचा व्यवहार बघणाऱ्या त्यांच्या सासऱ्यांनी ते मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून परवान्यावर घेतले होते. सासरे वारले. आता नातीची फी भरायची होती. नातवाने मोबाइलवर परदेशी लिलावाचा आकडा काढून दाखवला आणि मुलाने गंज घासायला पॉलिश पेपर आणला होता. मी म्हटले, "मावशी, तो कागद आधी बाजूला ठेवा. आणि चापाला कोणी हात लावू नका, आत गोळी असू शकते."

वरच्या पट्टीवर 'मार्क सहा' असा ठसा होता. म्हणजे हे वेब्ली, ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारलेले. सहा गोळ्यांचे, सहा इंची नळीचे, ०.४५५ बोअरचे. जाणकार माणूस सांगाड्यावरचे साल, सरकारी बाणाचा ठसा, सुट्या भागांवरचे क्रमांक आणि मूळचा निळसर मुलामा किती उरला ते बघतो. मुलामा घासून काढला की वस्तू चकचकीत होते आणि किंमत उतरते. सोबत चामडी म्यान किंवा मूळ मालकाचे कागद असले तर भाव चढतो.

पण परदेशातला भाव आपल्या कामाचा नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. इथे घेणाऱ्याला परवाना लागतो, आणि काही लष्करी बोअर तर निषिद्ध वर्गात मोडतात. गिऱ्हाइके थोडी, म्हणून भावही बेताचा.

आणि परवानाधारक वारल्यावर शस्त्र पेटीत ठेवणे हाच गुन्हा होतो, हे कितीजणांना ठाऊक आहे? पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचेही तेच. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. जमा असतानाही मुदतीच्या आत ते परवानाधारकाला विकता येते आणि पैसे वारसाला मिळतात. परवानाधारक हयात असेल तर विक्रीची लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावे लागते.

शस्त्र विकायचे नसेल, घरातच ठेवायचे असेल, तर वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागावा. खेड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात, नवी मुंबईत पोलीस आयुक्तालयात. त्याला बाकीच्या वारसांची संमती लागते. करावेच्या घरात दोन चुलत दीर आहेत, त्यांच्याशी बोलणे बंद आहे. मावशी म्हणाल्या, "मग विकलेलेच बरे." दुसऱ्या दिवशी त्या पोलीस ठाण्यात गेल्या.