आजीची पोत आणि वतनाचा तुकडा

आमचे गाव नामपूर, मोसमकाठचे. आजोबा येसकर होते. वाडा गावाबाहेर, पाणवठा वेगळा. पण गावकीची हाक आली की भरपावसातही धावावे लागे. मोबदला काय? दारोदारची शिळी भाकर आणि वतनाच्या जमिनीतला वाटून उरलेला तुकडा.

वतन ही गुलामीची बेडी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कायदा झाला तो १९५८ साली. त्यातही आकाराच्या तिप्पट रक्कम भरेल त्यालाच जमीन! आजीने गळ्यातली पोत मोडून ती भरली.

अमेरिकेत १८६५ साली गुलामीतून सुटलेल्या काळ्या बांधवांना दिलेली जमीन त्याच वर्षी काढून घेण्यात आली. जमिनीवाचून मुक्ती अपुरी, हे आपल्या नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांनी जाणले होते. त्यांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत आयाबाया लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या.

आज कांद्याला भाव नाही म्हणून धाकटा भाऊ तो तुकडा विकू म्हणतो. त्याची अडचण खरी आहे. पण भगिनींनो, मी त्याला एवढेच सांगितले : आधी सातबाऱ्यावर आईचे नाव लाव, मग तिलाच विचार.