ताईंचं घर



मागच्या आठवड्यात बस्तीत अभिषेक झाल्यावर दोघीजणींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या नणंदेला वेगळं ठेवलंय म्हणे?" त्या 'ठेवलंय'ने मला घरी येईपर्यंत काही सुचलं नाही. प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून आज सगळं लिहिते.

माझ्या थोरल्या नणंदबाई, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, चोपन्न वर्षांच्या आहेत. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. उजवा हात आखडलेला, डावा चालतो पण थरथरतो. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. बोलणं अडखळत येतं, सवय असलेल्यालाच कळतं. त्यामुळे पाहुण्यांना वाटतं की त्यांना काही समजत नाही. भक्तामरचे 48 श्लोक त्यांना पाठ आहेत आणि घरात तिथी विचारायची तर त्यांनाच.

सासूबाई होत्या तोवर दोघी जुन्या घरी राहायच्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बस्तीपासून चार घरं सोडून. सासूबाई गेल्या आणि आम्ही ताईंना आमच्याकडे आणलं. जुनं घर आवरलं, भांडीकुंडी वाटून टाकली, कुलूप लावलं. सगळे म्हणाले, वहिनी असावी तर अशी. मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता खरी गोष्ट. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण आटपतं. थंडीत सहालाच अंधारून येतं. मुलगी क्लासवरून साडेपाचला येणार, हे दुकानातून पावणेसहाला, आणि ताईंना एक भाकरी खायला पाऊण तास लागतो. पहिले काही दिवस मी थांबले. मग एक दिवस उशीर होतोय म्हणून चमचा हातात घेतला आणि भरवलं. दहा मिनिटांत जेवण झालं! दुसऱ्या दिवशी तेच. मग तीच रीत पडली. सकाळचा नाश्ताही मीच भरवायला लागले, केसही मीच विंचरायला लागले. वर्षभरात ताईंचा डावा हात मांडीवर पडून राहायला लागला. मी मात्र समजत होते की माझ्या हातून सेवा घडतेय.

एका संध्याकाळी त्यांनी तोंड मिटून घेतलं. म्हणाल्या, "मला माझ्या घरी जायचंय." आम्ही हसण्यावारी नेलं. त्या आठ दिवस रोज तेच म्हणत राहिल्या. नवव्या दिवशी ह्यांनी चिडून विचारलं, "तिथं तुला कोण बघणार?" ताई म्हणाल्या, "बाई ठेवीन. माझ्या पैशाची."

पैसे त्यांचेच आहेत. मामंजींनी त्या दोन खोल्या आणि पुढचा एक गाळा त्यांच्या नावावर केला होता, गाळ्याचं भाडं येतं. तेव्हाच एका नातलगानं सुचवलं, "पालकत्वाचे कागद करून सगळं भावाच्या नावावर घ्या." वकिलांना विचारलं, ते बरं झालं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते, कलेक्टरांच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो, पण ज्याला स्वतःचा निर्णय घेता येतो त्याच्यावर पालक कशाला लादायचा? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे मालमत्ता आणि बँकेचा व्यवहार दिव्यांग माणसाला इतरांसारखाच स्वतः करता येतो. अमुकच ठिकाणी, अमुक माणसांबरोबरच राहा अशी सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मी ते वाक्य वकिलांकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणजे आमच्याकडे राहायचं की नाही हे ताईंना आम्ही एकदाही विचारलं नव्हतं!

मुलीनं तेव्हा मला अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांच्याबद्दल सांगितलं. पोलिओमुळे मानेखालचं अंग जवळजवळ निकामी, रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपायचे, तरी बर्कलीच्या विद्यापीठात शिकले. 1972 मध्ये तिथे स्वतंत्र राहणीचं केंद्र सुरू झालं, त्यामागे ते आणि त्यांचे मित्र होते. त्यांचं म्हणणं असं की स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं स्वतःच्या हातानं करणं नव्हे. मदत कोणाची, कधी आणि कशी घ्यायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आपल्या समाजानं या बाबतीत काही केलं नाही असं नाही. 1975 साली जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती निघाली, त्यांच्या जयपूर फूटवर किती माणसं चालायला लागली! शिबिराला पावती फाडताना आपला हात आखडत नाही. घरातल्या माणसाला किल्ली देताना मात्र मला वर्ष लागलं.

तयारीला दोन महिने गेले. उंबरा सहा इंचांचा होता. उतार करायचा तर एका इंचाला बारा इंच लांबी लागते, म्हणजे सहा फूट. गवंड्यानं आधी तीन फुटांत उरकला होता, तो फोडून परत करून घेतला. न्हाणीघरात भिंतीला दांडे, कमोड, खाली न घसरणारी फरशी. गॅस काढून बटणाची शेगडी आणली. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी कडा उभी असलेली ताटली सुचवली, ताटलीखाली रबराची चटई आणि चमच्याच्या दांड्याला जाड रबरी नळी. त्या मला एक गोष्ट म्हणाल्या: अशा माणसाला घाई केली की स्नायू आणखी आखडतात. म्हणजे माझ्या घाईनंच त्यांचा हात जास्त अडत होता.

बँकेत एका साहेबांनी सगळं माझ्याशी बोलून घेतलं, ताई समोर बसलेल्या असताना. तिसऱ्या प्रश्नाला ताईंनी टेबलावर हात आपटला.

मावशी दोन वेळा येतात, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. महिन्याला साडेसात हजार, ताई स्वतः मोजून देतात. मावशी आपल्या समाजातल्या नाहीत. कांदा-लसूण-बटाटा नको, पाणी गाळून, पालेभाजी निवडताना कीड नीट बघायची, हे सगळं ताईंनीच शिकवलं. मी शिकवायला गेले तर म्हणाल्या, "तू बस." संध्याकाळी पाचला ताट वाढलं जातं. ताई एक तास जेवतात. आपल्या हातानं. अंगावर सांडतं, चालतं.

तिसऱ्या महिन्यात त्या न्हाणीघरात पडल्या. बोलावण्याची घंटा टॉवेलच्या दांडीवर लटकत होती, हात पोचला नाही. मावशी येईपर्यंत पाऊण तास ओल्या फरशीवर. मनगट सुजलं, हाड वाचलं. मी रडत रडत म्हटलं, आता पुरे, चला घरी. सगळ्या नातलगांचेही फोन आले. ताई म्हणाल्या, "तुझ्याकडे दोनदा पडले." खरं होतं. आमच्याकडे पडल्या तेव्हा त्यांना दुसरीकडे हलवा असं कुणीच म्हणालं नव्हतं. आता घंटा दोऱ्यानं गळ्यात असते आणि शेजारच्या काकूंकडे एक किल्ली. रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, तो काही जात नाही.

यंदा दशलक्षणात त्यांनी पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकाशन केलं. मी नको म्हणत होते, स्नायूंची गोळी दिवसातून तीनदा असते. त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारलं, फोन स्पीकरवर ठेवून, चार वेळा तेच वाक्य बोलून. डॉक्टर म्हणाले, गोळी एकही चुकवायची नाही, पाण्याबरोबर घ्या. सूर्यास्तानंतरची गोळी त्यांनी वेळ अलीकडे घेता येईल का तेही विचारून घेतलं. मला हे सुचलं नसतं.

क्षमावाणीला मी त्यांच्याकडे गेले, हात जोडले आणि दरवर्षीचं बोलले, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा. एरवी त्या मान हलवतात. या वेळी विचारलं, "कशाची?"

मला पटकन उत्तर देता येईना. मग म्हटलं, "घाईची. भरवलं त्याची."

त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, थरथरत. बराच वेळ गेला त्यात. मग म्हणाल्या, "आणि आईची पातेली?"

सासूबाईंची पितळी पातेली मी घर आवरताना मोडीत दिली होती. ताईंना विचारलं नव्हतं. ती क्षमा अजून मिळालेली नाही. रविवारी व्हीलचेअर घेऊन आम्ही दोघी भांड्यांच्या दुकानात जाणार आहोत, पसंत त्या करतील.