डॉक्टर नावाचं औषध

लंडनमधला मराठी माणूस ‘उदास वाटतं’ म्हणून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जात नाही. तो पित्त घेऊन जातो, पाठ घेऊन जातो, फार तर ‘झोप लागत नाही’ म्हणतो. हॅरो-वेम्बलीकडच्या डॉक्टरांना हे सवयीचं आहे. ते आधी रक्त तपासायला लावतात, कारण थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच मलूल होतो. मग पुढे येतो पीएचक्यू-९ नावाचा कागद. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. घरात जो कुणी ओठांवर आणणार नाही, तो इथे सरळ विचारतात. (उत्तर ‘हो’ असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये; इंग्लंडमध्ये १११ फिरवून २ दाबलं की मनाच्या तातडीच्या तक्रारीसाठी माणूस भेटतो.)

समुपदेशन हवं असेल तर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीवाचूनही नाव घालता येतं. तरी आपली पावलं जीपीकडेच वळतात. तिथे बसलेलं कुणी पाहिलं, तरी सर्दीसाठी आलो म्हणता येतं.

आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरला तीन पिढ्यांची दुखणी ठाऊक असतात, आणि अडतं तिथेच. आईचं बीपी तपासणाऱ्या डॉक्टरकाकांना लेकीने काय काय सांगावं? इथल्या डॉक्टरला आपलं गणगोत माहीत नसतं, म्हणून जीभ सैल सुटते. पण भेट जेमतेम दहा मिनिटांची, आणि पुढच्या वेळी खुर्चीत दुसराच कुणी. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा!

मुलाकडे राहायला आलेल्या आईचं तर आणखी अवघड. दुभाषी म्हणून सून शेजारी. “आई, काय होतंय ते सांगा ना.” “काही नाही गं, जरा अंग दुखतं.” खरं तर जीपीकडे दुभाषी फुकट मिळतो, आणि घरच्यांना दुभाषी करू नये हेच एनएचएसचं धोरण आहे. मागायचं मात्र आपणच.

पण शब्द पोहोचले तरी ऐकणारा डॉक्टर कसा, यावरही बरंच ठरतं. मायकेल बालिंट हा बुडापेस्टहून इंग्लंडला आलेला मनोविश्लेषक, म्हणजे आपल्यासारखाच परका. १९५०च्या दशकात टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये तो जीपींना गोळा करून त्यांच्या अवघड रुग्णांबद्दल बोलतं करायचा. १९५७च्या पुस्तकात त्याने मांडलं, की जीपी सर्वांत जास्त वापरतो ते औषध म्हणजे तो स्वतः, आणि त्याची मात्रा कुठल्याही ग्रंथात दिलेली नाही.

ते औषध एका भेटीत लागू पडत नाही. म्हणून चार दिवस जास्त थांबावं लागलं तरी रिसेप्शनवर तोच डॉक्टर मागावा, जोडून दोन अपॉइंटमेंट मिळतात का विचारावं, आणि मनातलं पहिल्या मिनिटाला सांगावं. गुडघ्याचं नंतर बघता येतं.