पाकोळ्यांच्या दारापर्यंत

आपल्या बेळगावकरांना वेंगुर्ला काही परका नाही. इंग्रजांच्या काळात आपल्या गावाचे बंदर तेच. तिथे उतरलेला माल घाट चढून आपल्या पेठेत येई. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये नववीची सहल त्या बाजूला न्यायचे ठरले तेव्हा पालकांनी फारशी विचारपूस केली नाही. होडीतून समुद्रात जायचे आहे हे कळल्यावर मात्र घरोघरचे फोन सुरू झाले. शेवटी दोन पालकच आमच्याबरोबर आले, आणि त्यांच्या डब्यातल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी आंबोलीपर्यंतसुद्धा पुरली नाही.

सकाळी सातला निवतीच्या किनाऱ्यावर आम्ही तीन शिक्षक, दोन पालक आणि बावीस मुले-मुली तीन होड्यांत बसलो. अंगात नारिंगी जाकिटे, त्यामुळे सगळेच सारखे दिसत होते. हजेरी दोनदा घ्यावी लागली. किनाऱ्याजवळ पाणी शांत होते; पुढे गेल्यावर लाट मोठी झाली आणि अंताक्षरी आपोआप थांबली. दोघांना ओकारी झाली. डॉल्फिनची पाठ दिसली तेव्हा तेच दोघे सर्वांत आधी उभे राहू पाहत होते, त्यांना खाली बसवावे लागले.

समोर हळूहळू खडक वर आले. हीच वेंगुर्ला रॉक्स. इंग्रजी नकाशांत यांना ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, असेही नाव आहे. झाड जवळजवळ नाही. काळपट कातळ, त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, एका बेटावर दीपगृह. कातळाला उभ्या भेगा गेलेल्या, आणि अशाच एका बेटाच्या पोटात ती गुहा. स्थानिक लोक तिला पाखोली ढोल म्हणतात. पाखोली म्हणजे आपली पाकोळी.

नावाड्याने इंजिन बंद केले. एवढा वेळ कानात भरलेला आवाज गेला आणि गुहेचा आवाज ऐकू येऊ लागला. लाट आत शिरते, काही क्षण काहीच नाही, मग लांबून कोणी मोठे दार लोटावे तसा घुमारा येतो. बाहेर हिरवे दिसणारे पाणी कातळाच्या सावलीत एकदम शाईसारखे होते. आणि त्या काळोखातून पक्षी येत होते. चिमणीएवढे, काळपट, गोफणीतून सुटल्यासारखे. पंख विळ्यासारखे वाकलेले.

“अजून जवळ घ्या ना, दादा,” मुले म्हणाली.

“आत जावचा नाय, बाईनू,” नावाडी मुलांना न सांगता आमच्याकडे बघून म्हणाला. “घरट्यांचे दिवस आसत.”

“मग आपण आलो कशाला?” एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. पैसे भरले, पहाटे उठलो, उलट्या काढल्या, आणि दारातून परत! होडी तशीच हेलकावत होती तेव्हा आमच्या विज्ञानाच्या सरांनी तिथेच तास घेतला. वर्गात त्यांचा तास इतका शांत कधी झालेला नाही.

ही पाकोळी आपल्या लाळेने घरटे बांधते. लाळ वाळून घट्ट होते, त्यात शेवाळ-पिसे मिसळलेली असतात, आणि ती इवलीशी वाटी गुहेच्या भिंतीला चिकटते. त्यात अंडी दोन. गुहेत मिट्ट काळोख असला तरी तिला अडत नाही. टिकटिक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर ती वाट काढते. वटवाघळासारखेच, पण हिचा आवाज माणसालाही ऐकू येतो. (आपल्याला तो ऐकू आला असे चौघींनी शपथेवर सांगितले. आम्हां शिक्षकांना आला नाही. वयाचाही परिणाम असेल.)

संकट त्या लाळेमुळेच आले. चीन आणि आग्नेय आशियात अशा घरट्यांचे सूप करतात, त्याला मोठी किंमत मिळते. म्हणून २००१ च्या सुमारास या बेटावर घरट्यांची चोरी चालल्याचे उघडकीस आले. घरटे खरवडले की अंडी-पिल्ले गेलीच. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था तेव्हापासून वनखात्याबरोबर यांच्या रक्षणासाठी झटली. वेळासच्या कासवांमुळे ही संस्था आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याही आधी, १९४२ मध्ये, पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या पाकोळ्यांवर आणि सुरय पक्ष्यांवर लेख लिहिला होता. म्हणजे या खडकाकडे जाणत्यांचे लक्ष फार पूर्वीपासून आहे. चोरांचेही होते, एवढेच.

ज्याने प्रश्न विचारला होता तो मुलगा नंतर बराच वेळ गप्प होता. परतताना त्याने नावाड्याला विचारले, “तुम्ही कधी आत गेलाय?” नावाडी हसला, उत्तर दिले नाही आणि इंजिन सुरू केले.

बेळगावला परतल्यावर तिसऱ्या दिवशी तोच मुलगा चौघांना घेऊन शिक्षक-खोलीच्या दारात उभा. “बाई, आपल्या पोर्चमध्ये पण आहेत.” आम्ही जाऊन पाहिले. पोर्चच्या छताच्या कोपऱ्यात काडी-कचऱ्याचे आणि पिसांचे पोळ्यासारखे घोस. ही घर-पाकोळी, समुद्रावरच्या पाकोळीची चुलत बहीण. हीसुद्धा लाळेनेच चिकटवते. हिचे घरटे कोणी खात नाही. मुलांनी मोजली, सतरा निघाली.

शाळेला मे महिन्यात रंग लागतो आणि रंगारी आधी लांब काठीचा झाडू फिरवतात. पोर्चचे छत तेवढे यंदा सोडावे, असा अर्ज नववीच्या मुलांनी विश्वस्त मंडळाकडे दिला आहे. खाली बावीस सह्या आहेत. अर्जाला आम्ही एक चित्रही जोडले आहे, पण ते काढणाऱ्याने पाकोळीची चोच जरा मोठीच काढली आहे.