निर्णयसागरी अक्षर

इटलीच्या बोडोनीचें (१७४०–१८१३) रोमन अक्षर देखणें खरें; दांडा जाड, टोकें केसासारखीं. मथळ्यांत तें खुलतें. लहान आकारांत मात्र बारीक रेघ विरते, आणि पन्नाशी उलटलेल्या आमच्या डोळ्यांस नुसतें दांड्यांचें कुंपण दिसतें.

जावजी दादाजींनीं मुंबईंत १८६९ सालीं काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचें अक्षर पाहावें. जाड-बारीक भेद त्यांतही आहे; परंतु तो तिरप्या कापलेल्या बोरूचा, म्हणून वळणागणिक जाडी चढते, उतरते. राणोजी आरूंनीं त्याचे ठसे कोरले. हल्लींच्या पुष्कळ आवृत्त्यांत सर्व रेघा एकाच जाडीच्या! तेथें ‘घ’ कीं ‘ध’, हें आम्हांस दोनदां पाहावें लागतें. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत (स्थापना १८९३) आम्ही म्हणूनच आधीं जुनी प्रत मागतों.