आरशाबाहेरचा टापू

मोटारीच्या आतल्या आणि बाहेरच्या आरशांतून मागचा बराच रस्ता दिसत असला, तरी दोन्ही बाजूंना मागच्या दाराच्या आसपास एक टापू असा उरतो की तेथे आलेले वाहन कोणत्याच आरशात सापडत नाही. यालाच ‘ब्लाइंड स्पॉट’ म्हणतात. भारतात चालक उजव्या बाजूला बसत असल्याने खिडकीबाहेर नजर टाकून डावीकडचा टापू पाहणे त्याला अधिक अवघड जाते, आणि दुचाक्या तर अनेकदा त्याच बाजूने पुढे घुसतात.

हा टापू राखणाऱ्या यंत्रणेत मागच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत, बहुधा रडार संवेदक बसवलेले असतात. पूर्वी ते मुख्यतः 24 गिगाहर्ट्‌झवर चालत. नव्या गाड्यांत 77 गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, म्हणजे सुमारे 4 मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरल्या जातात. संवेदक वारंवारता बदलत जाणारी लहर सोडतो आणि परतलेल्या लहरीशी तिची तुलना करून वस्तूचे अंतर काढतो. गतीमुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, सापेक्ष वेग कळतो. जी वस्तू गाडीच्याच वेगाने मागे सरकते ती दुभाजक, खांब किंवा झाड अशी स्थिर असणार, हे ओळखून नियंत्रक संगणक तिला वगळतो. उरलेल्या वाहनाची सूचना ‘कॅन बस’ या, बॉश कंपनीने 1986 साली मांडलेल्या, दोन तारांच्या संदेशजाळ्यातून आरशातील दिव्यापर्यंत पोहोचते. वाहन टापूत असेल तर दिवा नुसता लागतो. त्याच वेळी त्या बाजूचा इंडिकेटर दिलेला असेल, तर हा दिवा लुकलुकतो आणि बहुतेक गाड्यांत बीपही वाजतो.

पावसाळ्यात पुणे–सातारा महामार्गावर, ट्रकला मागे टाकून पुन्हा डाव्या मार्गिकेत येण्यासाठी प्रस्तुत लेखकाने इंडिकेटर दिला तेव्हा आरसा मोकळा दिसत होता, परंतु दिवा लुकलुकू लागल्याने स्टिअरिंग जागीच राहिले आणि क्षणार्धात रेनकोट घातलेला एक दुचाकीस्वार डावीकडून पुढे निघून गेला. पुढे, बंपरवर चिखल साचल्यावर, संवेदक झाकला गेल्याचा संदेश डॅशबोर्डवर उमटला आणि चिखल पुसेपर्यंत ती राखण बंद राहिली.

या दोन्ही प्रसंगांतून जे प्रत्ययास आले ते असे की, दिवा लागला तर थांबावे हे खरे असले, तरी तो लागला नाही म्हणून रस्ता मोकळा आहे असे मुळीच ठरत नाही, कारण संवेदकाचा पल्ला मर्यादित असतो, अनेक गाड्यांत ठराविक वेगाखाली यंत्रणा काम करीत नाही, आणि भरधाव येणारे वाहन टापूत शिरेपर्यंत हातात वेळ उरलेला नसतो. म्हणून प्रत्येक चालकाने प्रवासाआधी मागचा बंपर पुसावा आणि मार्गिका बदलण्यापूर्वी मान वळवून एकदा स्वतः पाहावे.