परक्या पंगतीतले पहिले जेवण

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात भाच्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां कोरियाची राजधानी सोल येथे गेलो होतो. भाचा तेथील विद्यापीठात शिकतो. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून निघताना बाजारातून लोणच्याची एक बाटली घेऊन आम्ही ती सामानात जपून ठेविली होती. कारण परमुलखातील अन्न आमच्या घशाखाली उतरणार नाही, अशी आमची पक्की समजूत होती. त्या बाटलीने आमची जी फजिती केली, ती वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

रविवार होता. म्योंगदोंग येथील 1898 साली पूर्ण झालेल्या विटांच्या भव्य महामंदिरात मिस्सा ऐकून आम्ही बाहेर पडलो. भाच्याबरोबर त्याचा एक कोरियन मित्रही होता. त्याने आम्हांस जवळच्या गल्लीतील एका लहानशा खाणावळीत नेले. दाराशी पादत्राणे काढून आत पाऊल टाकले, तो जमीन उबदार लागली! पूर्वी तेथील घरांत चुलीचा धूर जमिनीखालच्या नळांतून नेत. आता त्याच कामी गरम पाणी खेळवितात. बाहेरच्या थंडीनंतर त्या उबेवर मांडी घालून बसताना अर्धा परकेपणा तेथेच सरला.

ठेंगण्या मेजावर भाताचे वाडगे, कढत रस्सा आणि लहान लहान दहा-बारा वाट्या आल्या. प्रत्येकापुढे लांब दांड्याचा चमचा व धातूच्या दोन काड्या होत्या. पण अन्नास कोणीच हात लावीना. अखेरीस भाचा हळूच म्हणाला, “मामा, वडील माणसाने चमचा उचलल्यावाचून येथे धाकटे जेवत नाहीत. सगळे तुमची वाट पाहत आहेत.” आम्ही ओशाळून क्रुसाची खूण केली व चमचा उचलला. शिजलेल्या भातास त्यांच्या भाषेत ‘बाप’ म्हणतात, हे कळल्यावर मात्र आमच्या घरधनिणीला हसू आवरेना.

मग पाळी आली किमचीची. खारविलेल्या कोबीच्या पानापानांत लाल तिखट, लसूण, आले आणि खारवलेला जवळा भरून ती आंबवितात. त्या वासाने आम्ही मागे सरलो, आणि चव पाहण्याचेही सौजन्य न दाखविता पिशवीतून आपली बाटली काढली! वस्तुतः ती लाल मिरची आमची परकी नव्हे. अमेरिकेतून निघून ती पोर्तुगिजांबरोबर आमच्याकडे आली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास कोरियात पोहोचली, असे मानतात. पण त्या क्षणी हे कोणास सुचणार?

खाणावळीची वृद्ध मालकीण हे पाहत होती. ती रागावली नाही. आत जाऊन तिने भांड्याच्या बुडाशी लागलेल्या खरपूस भातावर पाणी घालून उकळविलेले पेय आणले. त्याचा पहिला घोट घेतला आणि आम्हांस आईच्या हातची पेज आठवली. त्यानंतर किमचीही तोंडात घातली. डोळ्यांस पाणी आले. पण भाताबरोबर ती अशी रुचली की वाटी रिकामी झाली. मालकिणीने न मागता ती पुन्हा भरली. या वाट्यांचे निराळे पैसे तेथे सहसा घेत नाहीत.

मग तिने आमच्या लोणच्याची फोड चाखली, मान डोलावली आणि त्या मित्राकरवी विचारले, “हे कोणी घातले? आपल्या आईने?” आमची मान खाली गेली. आई गेल्यापासून आमच्या घरची मोठी बरणी माळ्यावर रिकामी पडली होती.

तिने आम्हांस परसात नेले. तेथे तपकिरी झिलईचे मोठमोठे रांजण ओळीने मांडले होते. त्यांच्या मातीस अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यामुळे आतील पदार्थ श्वास घेतो, पण रस पाझरत नाही. त्या मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. 1801, 1839 व 1866 साली तेथील ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला, तेव्हा अनेक कुटुंबे डोंगरदऱ्यांत लपली व असे रांजण घडवून पोट भरू लागली. कुंभाराचा धंदा हलका मानला जाई, म्हणून त्यांची चौकशी कोणी करीत नसे. आणि पाठीवर रांजण घेऊन गावोगाव फिरताना एका लपलेल्या वस्तीचा निरोप दुसरीस पोहोचविता येई. आमचे खानापूरही कुंभारकामाबद्दल प्रसिद्ध. त्या गार रांजणावर हात ठेवून आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

तो हंगाम किमची घालण्याचा होता. हिवाळ्याच्या तोंडाशी घरची माणसे आणि शेजारीपाजारी एकत्र जमून ती घालतात व एकमेकांकडे पोहोचवितात. या प्रथेस ‘किमजांग’ म्हणतात; 2013 साली युनेस्कोने तिची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. शहरांतून आता किमचीसाठी शीतकपाटे आली आहेत; तरी हात अजून एकत्र लागतात.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही माळ्यावरची बरणी उतरविली. शेजारच्या तीन घरांतील बायामाणसे ओसरीवर जमली. कोणी कैऱ्या चिरल्या, कोणी मोहरी फेसली. मीठ किंचित अधिक पडले आहे. तथापि कोणी विचारलेच, तर ते कोणी घातले, हे सांगताना आता आमची मान खाली जाणार नाही.